कुत्र्याला दिलेली पुडी

त्या कुत्र्याला मी पुडी दिली होती. एकदाच नाही, ओळीनं काही दिवस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, माझ्या बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच.

पुडी म्हणजे काय, हे सुरतेच्या मिलमध्ये राबलेल्या माणसाला समजावावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर होतो. स्टेंटर म्हणजे ओलं कापड दोन्ही कडांना चिमट्यांत पकडून तापलेल्या लांबलचक पेटीतून काढणारं मशीन. त्याच्या तोंडाशी बारा तास उभं राहायचं. समोरच्या पाळीचा माणूस आला नाही की त्याचेही बारा तास आपणच काढायचे. त्याला आम्ही 'डबल मारणं' म्हणायचो. डबल मारायची तर कंबर आणि पिंढऱ्या ऐकत नसत. मग फाटकासमोर बसणाऱ्या डॉक्टरकडून पुडी आणायची. डॉक्टर आपलं म्हणायचं म्हणून. कशाचा डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात तो गोळ्या बांधून द्यायचा. एक मोठी पांढरी, एक अर्धी मोडलेली पिवळी आणि एक अगदी बारीक, साबुदाण्याएवढी. बारकी कशाची, असं विचारलं तर म्हणायचा, "ताकदनी छे." चहाबरोबर घेतली की थोड्या वेळात दुखणं कुठल्या कुठे जायचं. सपाटून भूक लागायची. आदल्या दिवशी मेलो होतो हे आठवायचंसुद्धा नाही. रोज घेणाऱ्यांचे चेहरे गोल व्हायचे, आणि ते गावी गेले की लोक म्हणायचे, सुरतेचं पाणी चांगलं मानवलं.

मीही घ्यायचो. सगळेच घ्यायचे.

कुत्रा दादाचा होता. दादा माझा थोरला भाऊ. उधन्याला लूमच्या खात्यात मास्टर. मला खानदेशातून सुरतेला त्यानंच आणलं. दादा, वहिनी आणि अजून लग्न न झालेला मी, असे तिघं बमरोलीत एका खोलीत राहत होतो. दादा दिवसपाळीला, मी रात्रपाळीला. तो गादीवरून उठला की मी आडवा व्हायचो.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी अर्धी बमरोली गावाला पळाली तेव्हा दादानं आम्हा दोघांना गाडीत बसवून दिलं आणि स्वतः मागे राहिला. शेठ पळताना खात्याची किल्ली त्याच्या हातात देऊन गेला होता. आम्ही परत आलो तर ओट्यावर दादाच्या शेजारी हा बसलेला. तांबूस, उंच, एक कान फाटलेला.

"हा कोठून आणा?" वहिनीनं विचारलं.

"मी नही आणा. तोच माले आणस आणि पोचाडस," दादा म्हणाला.

तसंच होतं ते. रिकाम्या गल्लीतून हा दादाला रोज खात्यापर्यंत सोडायला जायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा. गल्ली पुन्हा भरली तरी त्यानं ते सोडलं नाही. त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. दादा शिट्टी वाजवायचा, वहिनी "ये रे" म्हणायची, दोन्हीला तो यायचा. दादा कडक माणूस. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, वहिनीशी त्याहून कमी. कुत्र्याशी मात्र ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचा. आज कुठल्या लूमचा धागा सारखा तुटला, शेठ काय बोलला, सगळं. वहिनी आतून म्हणायची, "माले पन शेपटी ऱ्हाती ते बरं व्हतं."

तीन-चार वर्षांनी त्याच्या पुढच्या पायावर, मनगटाच्या वर, सूज आली. आधी लंगडायचा, मग तो पाय टेकेनासा झाला. वहिनीनं हळद-चुना गरम करून बांधला. चार दिवस बांधला, सूज हटली नाही. दादानं मला सांगितलं, "तुला गुजराती येतं आणि दिवसा तू घरी असतो. दाखवून आण."

उधना रस्त्यावर एक प्राण्यांचा डॉक्टर होता, खराखुरा. शेजाऱ्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जुनी गोधडी टाकून मी कुत्र्याला तिकडे ढकलत नेलं. डॉक्टरनं सूज दाबली. कुत्रा ओरडला नाही. त्यानं फक्त तोंड फिरवलं आणि जिभेनं स्वतःचं नाक चाटलं.

"जोयुं?" डॉक्टर म्हणाला. "बूम नथी पाडतो." बघितलंस? ओरडत नाही. मग अर्धं हिंदी, अर्धं गुजराती करत त्यानं मला समजावलं. जनावर दुखणं बोलत नाही, ते झाकतं. म्हणून गप्प पडलाय म्हणजे बरं आहे असं धरायचं नाही. काही काम नसताना धापा टाकतो का, कुशीवर पडायला घाबरतो का, एकाच जागी चाटत राहतो का, उठून पुन्हा बसतो आणि बसून पुन्हा उठतो का, हे बघायचं.

फोटो काढला. हाड आतून पोखरलेलं होतं आणि छातीतही डाग दिसत होते. पाय काढून उपयोग नव्हता. डॉक्टरनं दुखण्याची गोळी लिहून दिली. दिवसातून एकदा, पोटभर खाल्ल्यावर. आणि बोट उभं करून बजावलं, "आ गोळी साथे दुखावानी बीजी कोई गोळी नहीं. माणसनी तो बिलकुल नहीं. पेटमां चांदां पडी जशे." या गोळीबरोबर दुखण्याची दुसरी गोळी नाही, माणसाची तर नाहीच, पोटात जखमा होतील. संडास डांबरासारखी काळी झाली तर गोळी बंद करून लगेच मला सांगायचं. जोवर या गोळीनं भागतं तोवर त्याला जगू द्या. भागेनासं झालं की मला बोलवा, मी घरी येऊन सुई देईन, झोपल्यासारखा जाईल.

घरी येऊन मी काय सांगितलं? "दिवसातून एक, जेवण झाल्यावर." आणि शेवटच्या सुईचं सांगितलं. मधलं सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. रात्रपाळी करून आलो होतो, लारी ढकलून हात भरले होते, झोप येत होती. माणसाची गोळी कुत्र्याला कोण कशाला देईल, असंही वाटलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

दादानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "त्याला दुखू द्यायचं नाही. बाकी मला काही माहीत नाही."

मग घरात तेच एक काम झालं. मिलमधून मी फेंटच्या, म्हणजे उरलेल्या कापडाच्या, चिंध्यांचं गाठोडं आणलं, त्यावर वहिनीनं त्याच्यासाठी जाड अंथरूण केलं. जुन्या साडीची झोळी करून ती त्याच्या छातीखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं हातात धरून त्याला बाहेर न्यायची, म्हणजे त्या पायावर भार पडायचा नाही. गल्लीतल्या बाया हसायच्या. "काय वं, नवऱ्याला तरी कधी असं धरून नेलं का?" वहिनी म्हणायची, "तो पडी तव्हय दखसू." पडेल तेव्हा बघेन. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. ते काम तिनं ओट्यावरून आत आणलं. सुई ओढता ओढता ती कुत्र्याकडे बघत असायची.

सुरुवातीला गोळीनं भागलं. तो खायचा, दादा आला की शेपटी हलवायचा. महिन्या-दीड महिन्यानंतर भागेनासं झालं.

मी झोपायचो त्याच खोलीत तो होता. तो भुंकत नव्हता, रडत नव्हता. श्वासाबरोबर त्याच्या नाकातून एक बारीक आवाज निघायचा, तेल संपलेल्या पंख्यासारखा. मग नखं फरशीवर खरडायची: उठतोय. मग धप्प: बसला. पुन्हा नखं. मी डोक्यावर उशी दाबून पडायचो. उशीतूनही मी पुढच्या नखांची वाट बघत असायचो.

"भाऊ, याले दुखस," वहिनी म्हणायची.

"गप पडलाय की."

"गप नही शे तो. दखा ना."

मला बघायचं नव्हतं. डॉक्टरनं काय बघायचं ते मला शिकवलं होतं, म्हणूनच बघायचं नव्हतं.

वहिनीनं दादाला गाठलं. ती दादासमोर कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. दादा जेवत होता.

"तुमी म्हने त्याले दुखू देवानं नही. आते दुखस. बलावा डॉक्टरले."

"तुले घाई व्हई गई का त्याले काढानी?"

"माले घाई? तुमी सांजले येतस, तो तुमना करता उभा ऱ्हास. दिनभर कसा ऱ्हास ते माले विचारा."

दादानं ताट सरकवलं. उठून हात धुतला. मग म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी बोलव. मी घरी असताना." मी जाऊन डॉक्टरला सांगून आलो. सुट्टीला चार-पाच दिवस होते.

ते चार-पाच दिवस मला काढता आले नाहीत.

त्याच रात्री मी स्टेंटरवर उभ्या उभ्या झोपलो. कापडाची कड चिमट्यात घालताना डोळा लागला आणि हात कापडाबरोबर पुढे गेला. शेजारच्यानं दंडाला धरून मागे ओढलं. आमच्याच खात्यात एकाची बोटं तशी गेली होती. शेजारचा वऱ्हाडातला होता, तोंडाचा फटकळ.

"मरतं का बे? काय झालं तुले?"

मी कुत्र्याचं सांगितलं. तो हसला. "मंग त्याले बी दे ना एक पुडी! उद्या आणून उभा कर इथं, डबल मारीन बाप्पा तो."

सगळे हसले. मीही हसलो. आणि पाळी सुटल्यावर फाटकासमोरून दोन पुड्या घेतल्या. एक माझी, एक त्याची.

वहिनी तयार साड्या पोचवायला गेली होती. मी तिन्ही गोळ्या वाटीच्या बुडानं कुटल्या, गुळात मळल्या आणि हातावर धरल्या. त्यानं खाल्लं. नंतर माझा तळहात चाटत राहिला. डॉक्टरची गोळी वहिनी त्याला सकाळीच देऊन गेली होती, हे मला माहीत होतं. "बीजी कोई गोळी नहीं" हेही आठवत होतं, त्या उभ्या केलेल्या बोटासकट. मी विसरलो होतो असं म्हणण्याची सोय मला नाही. मनात एवढंच होतं की रविवारी जाणारच आहे, चार दिवसांत काय होतंय. त्याचं दुखणं कमी होईल आणि मला झोप मिळेल. खरं तर हे दोन्ही याच क्रमानं मनात होतं का, याचीही खात्री नाही. झोप आधी असावी.

थोड्या वेळात नखं थांबली. मी संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो. उठलो तर वहिनी दारात उभी. "भाऊ, त्यानी समदं खाई लिधं. वाटी पन चाटी." तिच्या तोंडावर हसू होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, तिसऱ्या दिवशीही. बारकी गोळी काय करते ते मला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर बसून चूळ भरत होता. डॉक्टर दुपारी यायचा होता. दादानं उगाचच, शेवटची म्हणून असेल, शिट्टी वाजवली. कुत्रा अंथरुणावरून उठला, तीन पायांवर दारातून बाहेर आला आणि दादाच्या गुडघ्यावर डोकं घासायला लागला. शेपटी अशी हलत होती की मागचा सगळा भाग हलत होता.

दादा हसत हसत ओरडला. "ह्याला मारायचं? ए, बघ, ह्याला मारायला निघालात तुम्ही!" मग माझ्याकडे वळून, "जा, सांग डॉक्टरला. येऊ नको म्हणावं."

तेव्हा बोलता आलं असतं. ही पुडीची हुशारी आहे दादा, पुडी उतरली की तो पुन्हा तसाच होईल, एवढं वाक्य. वहिनी डोळे पुसत होती, दादा त्याच्या फाटक्या कानाशी खेळत होता. मी चप्पल घातली आणि निघालो.

दवाखान्यात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरनं ऐकून विचारलं, "एकदम सारुं थई गयुं?" एकदम बरा झाला?

"हां."

"भूख?"

"बहोत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बीजुं कंई आप्युं तो नथी ने?" दुसरं काही दिलं नाहीस ना?

"ना," मी म्हणालो.

घरी आलो तर दादा मटण घेऊन आला होता. वहिनी म्हणत होती, त्याला काळ्या मसाल्याचं तिखट सोसायचं नाही. दादा म्हणाला, "दे गं थोडा रस्सा भाकरीवर. आज त्याचा दिवस आहे." वहिनीनं फोडी पाण्यातून काढल्या, भाकरी कुस्करली, वर पळीभर रस्सा घातला. दादा बघत बसला होता. रस्सा दादानंच द्यायला लावला होता. हे पुढे दादा विसरला.

त्यानंतरही मी पुडी देत राहिलो. आता तर बंद करता येईना. बंद केली की तो पडणार, आणि पडला की सगळे विचारणार, काल तर बरा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं मला हलवून उठवलं.

"भाऊ, उठा. दखा हाई काय शे. डांबर शे जसं."

मी बघायच्या आधीच मला कळलं. अंथरुणाच्या कडेला काळं, चिकट पडलेलं होतं, आणि वास वेगळाच होता, लोखंडासारखा. कुत्रा उभा होता, पाठ कमानीसारखी वर, मान खाली. मग त्याला उलटी झाली. तिच्यात रक्त होतं.

वहिनीनं शेजारच्या पोराला खात्यावर पिटाळलं. दादा डॉक्टरला रिक्षात घालूनच आला. डॉक्टरनं कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्या फटक. पोटाला हात लावला तर सबंध अंग थरथरलं.

"सच बोलो," तो सगळ्यांकडे बघून हिंदीत म्हणाला. "मेरी गोली के सिवा क्या दिया इसको?"

खोलीत पलीकडच्या लूमचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. ओठ सुटले होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी दिधा. रस्सा दिधा मी, मटननं."

दादानं तिच्याकडे बघितलं. तसं बघणं मी त्याच्या डोळ्यांत आधी पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

डॉक्टर म्हणाला, पोट आतून सोललं गेलंय. आता दुखण्याची कुठलीही गोळी, कुठलीही सुई मी याला देऊ शकत नाही. दिली तर रक्त वाढेल. पोट शांत करायचं औषध देतो, पण त्यानं पायाचं दुखणं थांबणार नाही. शेवटची सुई द्यायला हवी होती, ती त्याच्याकडे संपली होती. उद्या सकाळी शहरातून आणतो, म्हणाला. म्हणजे तोवर काहीच नाही. दुखू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट दादानं सांगितली होती, आणि आता ते दुखणं थांबवायचा एकही मार्ग उरला नव्हता. तो मी बंद केला होता.

डॉक्टर हात धुवायला मोरीशी गेला. मी तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घालत होतो. दादा आणि वहिनी कुत्र्याजवळ होते. डॉक्टर साबण लावता लावता हळूच म्हणाला, "रस्साथी आटलुं ना थाय. कंईक बीजुं ज गयुं छे पेटमां." रश्श्यानं एवढं होत नाही, दुसरंच काहीतरी पोटात गेलंय. त्यानं मान वर केली नाही. मी पाणी घालत राहिलो. हात धुऊन झाल्यावरही घालत होतो. "बस," तो म्हणाला.

"काय म्हणाला?" तो गेल्यावर दादानं मला विचारलं.

"सकाळी येतो म्हणाला."

संध्याकाळ झाली आणि मी पाळीला निघालो. त्या दिवशी खाडा केला असता तर चाललं असतं. घरात असं असताना कुणी काही म्हटलं नसतं. मी गेलो. वर डबल मारायला कुणी हवंय का असंही विचारलं, पण त्या दिवशी नेमके सगळे हजर होते.

रात्र कशी गेली हे मला वहिनीकडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी, पुढच्या कितीतरी वर्षांत. त्याला आडवं होता येत नव्हतं. पोट फरशीला लागलं की तो उठायचा, पाय टेकला की कळवळायचा. म्हणून तिनं झोळी त्याच्या छातीखाली घालून दोन्ही टोकं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि भिंतीला टेकून बसली, रात्रभर. दादा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मध्ये एकदा तिनं झोळीचं एक टोक थोडा वेळ धरायला सांगितलं, तर तो म्हणाला, "धर आता तूच."

सकाळी मी गल्लीत शिरलो तेव्हा डॉक्टरची स्कूटर निघत होती. आत कुत्रा वहिनीच्या मांडीवर आडवा पडला होता, कुशीवर, पाय लांब सोडून. सुई दिल्यावर एका दमात झोपला, ती म्हणाली. तिच्या खांद्यांवर झोळीचे वळ उठले होते. दादानं आणि मी त्याला खाडीच्या काठाला पुरलं. खणताना दादा रडला आणि मी त्याच्या हातातली पहार घेतली. त्याला वाटलं असेल, भाऊ किती करतो.

दादानं वहिनीला त्यावरून कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यानं फक्त सोडलं नाही. पाहुणे आले आणि मटण झालं की म्हणायचा, "तुम्ही खा, तिच्या रश्श्याला घाबरू नका, तुम्ही काही कुत्रे नाही." लोक हसायचे. काही वर्षांनी वहिनीनं मटण करायचंच बंद केलं. मग दादा म्हणायचा, "आता सोडलं, तो गेल्यावर." तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही, कारण तिला ते पटलेलं होतं. नागपंचमीला माहेरच्या बाया जमल्या की ती स्वतःच सांगायची: मुकं जनावर होतं, बरं झालं होतं, मी लाडानं रस्सा घातला आणि हाल हाल करून मारलं. "बरं झालं होतं" हे ती नेहमी म्हणायची. तो बरा झालाच नव्हता, हे फक्त मला माहीत होतं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. कुत्रा तसाही जाणार होता. माझी बोटं गेली असती तर घर कोणी चालवलं असतं. आणि जुन्या गोष्टी उकरून नवरा-बायकोत अजून कशाला घालायचं. हे शेवटचं सगळ्यात खोटं होतं. त्यांच्यात जे होतं ते मीच घातलेलं होतं. माझं लग्न झालं, मी वेगळी खोली घेतली, मिल सोडली, दुकान टाकलं. पुडी त्या दिवसानंतर मी कधी घेतली नाही. त्यात काही मोठेपणा नाही, हातात धरवत नव्हती. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजारात मी त्याच्या उशाशी बसायचो, अनेकदा खोलीत आम्ही दोघंच असायचो. तेव्हाही बोललो नाही. आजारी माणसाला कशाला, असं तेव्हा म्हणालो. तो ते मनात धरूनच गेला.

वहिनी आता आमच्याकडे असते. गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं कुठूनसं एक पिल्लू आणलं. घरात सगळे त्याच्याभोवती. मुलगी वहिनीला म्हणाली, "मोठ्याई, तू भरव ना त्याला." वहिनीनं हात पाठीमागे घेतले, लहान मूल घेतं तसे.

"नको बेटा," ती म्हणाली. "मन्हा हातनं नको. मन्हा हात चांगला नही शे."

मुलीला काही समजलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "राहू दे, मोठ्याईला आवडत नाही." वीस-बावीस वर्षांनी पुन्हा तेच केलं, आणि तितक्याच सहज.

म्हणून हे लिहायला बसलो. पण वहिनीला वाचता येत नाही. हे लिहून माझं काही फिटत नाही, हे मला कळतं.

वहिनीला मी हे सांगणं लागतो: रश्श्यानं काही झालं नव्हतं. पुडी मी दिली होती. आणि तुझा दोष नाही हे डॉक्टरनं मला त्याच दिवशी, मोरीशी, सांगितलं होतं. हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.